अक्काच्या विहिरीतल्या पाली

अक्का गेली तेव्हा मी गडहिंग्लजच्या एस.टी. स्टँडवर चहा पीत बसलो होतो. लाकडाच्या एका गिऱ्हाइकाला भेटायला गेलो होतो आणि ते काम अकरालाच उरकलं होतं. स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर सुनंदाचं घर. सुनंदा म्हणजे अक्काची जुनी विद्यार्थिनी, आता स्वतःच शिक्षिका आहे. तिच्याकडे जाऊन एक गोष्ट सांगायची, असा शब्द मी अक्काला दिला होता. सकाळी निघताना अक्कानं अंथरुणातूनच विचारलं होतं, "आज सांगतोस न्हवं?" आणि मी "व्हय, आज सांगतोच की" म्हणालो होतो. तरीही मी स्टँडवरच बसून राहिलो... आज शाळा असेल, ती घरी नसेल, पुढच्या खेपेला निवांत जाऊ. दुसरा चहा सांगितला आणि मोबाईल वाजला. बायकोचा होता. "अक्का गेल्या," एवढंच ती म्हणाली. कोल्हापूरची गाडी समोरच लागली होती. सुनंदाच्या गल्लीकडे न बघता मी गाडीत चढलो.

गिरिजाअक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आमचे वडील, अप्पा, लवकर गेले आणि उचगावातली लाकडाची वखार माझ्या गळ्यात पडली तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. अक्का त्याआधीच कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागली होती. घरात हुशार तीच, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं, मीसुद्धा. तिनं लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "वर्गात पंचावन्न पोरं हायेत, आणि कुठं भर घालू?" सकाळी डबा घेऊन बस पकडायची, संध्याकाळी पिशवीभर वह्या घेऊन परत यायची. आमच्याकडे बायकासुद्धा 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. अक्का तर दारातून ओरडायचीच, "अव्वा, जातो गं मी!" आणि आई आतून म्हणायची, "सावकाश ये बाई."

वखारीच्या मागं एक जुनी विहीर आहे. दगडी, आत उतरायला पायऱ्या असलेली. गावात नळ आले आणि तिचं पाणी कोणी नेईनासं झालं. नव्वदच्या आसपास एका उन्हाळ्यात अक्का गारव्याला म्हणून वह्या घेऊन त्या पायऱ्यांवर बसली आणि तिला ती पाल दिसली. बोटाएवढी, दगडाच्याच रंगाची, हलली नाही तर दिसायचीच नाही. मला हाताला धरून तिनं तिथं नेलं. "डोळा बघ तिचा. घरातल्या पालीच्या डोळ्यात उभी चीर असती. हिची बाहुली गोल हाय. ही उजेडात काम करती आणि अंधार पडला की झोपती." मला काही ते दिसलं नाही. मला पाल दिसायलाच पाच मिनिटं लागली. त्या दिवसापासून अक्का त्यांना 'दिवसपाळीवाल्या' म्हणायला लागली आणि घरातल्या साध्या पालींना 'रातपाळीवाल्या'. आसपासच्या कारखान्यांत जाणारी माणसं भोवती असल्यामुळे ते नाव सगळ्यांनाच पटलं.

मग तिचा छंदच झाला तो. पाचव्या पायरीवर बसून ती तासन्‌तास भिंतीकडे बघायची. एका कपारीत पांढरी, छोट्या वाटाण्याएवढी अंडी दगडाला चिकटवलेली असायची. दर वर्षी त्याच कपारीत, जुन्या टरफलांच्या शेजारी. अक्का म्हणायची की या पालींना दुसरीकडे जाताच येत नाही. त्यांना असाच दगड लागतो, अशीच सावली, असाच ओलावा. ही विहीर म्हणजेच त्यांचं जग. पुढं ती रविवारी शाळेतली पोरं आणायला लागली. आठवी-नववीची सोळा जणं, कोणी सायकलवर, कोणी बसनं. प्रत्येकाला भिंतीचा एकेक पट्टा नेमून दिलेला. पाल दिसली की वहीत खूण करायची आणि ओरडायचं नाही, एवढाच नियम. तो नियम दर रविवारी मोडायचा. "बाई, माझ्याकडं दोन! दोन!" असा आवाज विहिरीत घुमला की वखारीत आमचा हमाल दत्तोबा हसायचा. "मालक, बाईंच्या पाली मोजून झाल्या वाटतं." नंतर ती सगळी पोरं आमच्या ओसरीवर पोहे खायची. अक्काला मी त्या रविवारांत जेवढं सुखी बघितलं, तेवढं पुन्हा कधी नाही...

आता माझी गोष्ट सांगतो.

नव्वदच्या दशकात परदेशी लाकूड यायला लागलं. दारं-खिडक्यांना लोक मलेशियन साल लाकूड मागायला लागले. मंगळूरच्या बंदरावरून आमच्याकडे ट्रक यायचे. असाच एक ट्रक उतरवताना फळ्यांच्या थरातून पाली निघाल्या. एक दत्तोबाच्या डोक्यावर पडली. पाल अंगावर पडली की काय काय होतं, हे ज्यानं त्यानं आपापल्या घरी ऐकलेलं असतं. हमालांनी हात वर केले. "पाली काढा, मगच माल उतरवतो. न्हायतर झाडूनं ठेचतो." हे ऐकून अव्वा घरातून बाहेर आली. आमचं घर शैव. गळ्यातल्या लिंगाची पूजा केल्याशिवाय अव्वा पाणीसुद्धा प्यायची नाही, आणि आमच्या वखारीत मुंगळा मारायचीही कोणाची टाप नव्हती. ती कडाडली, "खबरदार कोणी जीव घेतला तर! शिवू, डब्यात धर त्यास्नी आणि विहिरीवर सोड. तिथं गिरिजाच्या पाली हायेतच की. आपल्या जातीत राहतील."

मी तेलाच्या रिकाम्या डब्यात त्या धरल्या आणि विहिरीच्या कडेला डबा आडवा केला. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. जीव वाचवला, हमाल कामाला लागले आणि अक्काच्या विहिरीत भर पडली. संध्याकाळी तिला सांगू म्हटलं होतं, ते राहून गेलं. पुढच्या ट्रकला पुन्हा तेच. मग ती वखारीची रीतच झाली... ट्रक आला की मी डबा घेऊन उभा. अक्का त्या वेळी शाळेत असायची. हमालांनी त्या परक्या पालींना 'पावण्या' असं नावही ठेवलं. त्यांना ओळखणं सोपं होतं. अंगाच्या दोन्ही कडांना कातडीची झालर आणि शेपटी चपटी, कडेनं दातेरी. लाकडावर बसली की लाकूडच वाटायची. त्या तिकडच्या जंगलातून आल्या, बंदरातून आल्या की वाटेतल्या कुठल्या गोदामातून, ते शेवटपर्यंत कळलं नाही. विहिरीच्या कडेला सावली होती म्हणून मी मालाची चळत तिथंच लावायला लागलो, आणि चोरीच्या भीतीनं वर एक बल्ब लावला. रात्रभर बल्बाला किडे, आणि किड्यांना पावण्या. मी त्यांना घर दिलं, जेवण दिलं, सगळंच दिलं.

तीनेक वर्षांनी एका रविवारी अक्का हातात वही घेऊन वखारीत आली. वहीत पेन्सिलीनं काढलेलं चित्र होतं. "शिवू, ही बघ. काल अंधार पडताना विहिरीच्या भिंतीवर दिसली. झालर बघ, शेपटी बघ. आपल्याकडची न्हवं ही. तुझ्या मालातनं आली काय रं?"

खरं सांगायला एक क्षण लागला असता. दत्तोबा शेजारीच फळी धरून उभा होता. पण अक्कानं वही माझ्यापुढं धरली आणि मला एकदम शाळेतल्यासारखं वाटलं, उत्तर चुकलेल्या पोरासारखं. आपण तीन वर्षं मूर्खपणा करत होतो हे तिच्यासमोर कबूल करायचं... शिवाय ती चळत हलवायला सांगणार, बल्ब काढायला सांगणार. मी म्हणालो, "ही? ही तर अप्पांच्या वेळेपासनं वखारीत हाय. तुझं लक्ष आत्ता गेलं."

"जुनीच म्हणतोस?"

"व्हय की. दत्तोबाला विचार."

दत्तोबानं मान खाली घातली. अक्का क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. वखार ही पुरुषांची जागा, ती तिथं फारशी फिरकत नसे. भावाचा शब्द तिला पुरला. "मग न्हाय," असं म्हणून तिनं वहीतल्या 'नवी पाल, लाकडातून?' या ओळीवर पेन्सिलीनं रेघ मारली. ती गेल्यावर दत्तोबा म्हणाला, "मालक, बाईमाणसाला कशाला फसवायचं? दोन शिव्या खाल्ल्या असत्या, मिटलं असतं." मी त्याला चहा आणायला पिटाळलं.

ती रेघ किती महागात पडली ते मला पुढं कळलं. दिवसपाळीवाल्या कमी होत चालल्या होत्या. पोरांच्या वह्यांत खुणा घटत होत्या, कपारीतली अंडी फुटकी सापडत होती. अक्काचा विचार सरळ होता. पावण्या जर अप्पांच्या काळापासूनच्या असतील तर दोघी इतकी वर्षं शेजारी राहिल्याच आहेत. मग आताच असं काय बदललं? पाणी तेच, दगड तोच. चळत आणि बल्ब वर कडेला, आणि दिवसपाळीवाल्या तर रात्री झोपलेल्या. तिनं महिनोन्‌महिने डोकं चालवलं आणि शेवटी तिला एकच नवी गोष्ट सापडली. दर रविवारी विहिरीत उतरणारी सोळा पोरं.

तो रविवार मला लख्ख आठवतो. तिनं पोरांना लाकडाच्या ओंडक्यांवर बसवलं. "चूक माझी हाय," ती म्हणाली. "एवढ्या जणांना मी त्यांच्या घरात घुसवलं. आपल्या आवाजानं, पायांनी त्या बावरल्या असणार. आता आपण त्यांना एकटं सोडायचं. पुढच्या रविवारपासनं यायचं न्हाय." दोन वेण्या घातलेली एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, आम्ही एकदम गप्प बसलो तर? श्वाससुद्धा हळू घेतो." ती सुनंदा. अक्कानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान हलवली. पोहे न खाताच पोरं गेली. मी मागं टेप घेऊन एक फळी मोजत होतो. तीच फळी तीन-चारदा मोजली... आणि बोललो नाही.

पुढं वर्षं गेली. अव्वा गेली. अक्का विहिरीवर एकटी जायची, मग महिन्यातून एकदा, मग तेही थांबलं. शाळेतही ती पूर्वीसारखी राहिली नाही असं तिच्या सोबतच्या बाई सांगायच्या. शिकवायची छान, पण पोरांना वर्गाबाहेर म्हणून न्यायची नाही. मी माझ्या मनाची समजूत घातली होती. चार पालींचं काय एवढं, माणसांची काय कमी दुःखं आहेत. पण संध्याकाळी ती ओसरीवर नुसती बसलेली दिसली की मी मागच्या दारानं आत जायचो.

मग तिला पोटाचा आजार निघाला. औषधपाणी झालं आणि डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. दुपारी वखारीतून येऊन मी तिच्याजवळ बसायचो. एका दुपारी मोसंबी सोलत होतो. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "बघ, तुझी ती अप्पांच्या वेळची पाल आता घरातबी आली." घड्याळाच्या मागून झालरीची कडा दिसत होती. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला ते खरंच वाटत होतं, आणि तेच मला सोसलं नाही. मी म्हणालो, "अक्का, ती अप्पांच्या वेळची न्हाय. माझ्याच लाकडातनं आलीया. मीच सोडल्या विहिरीत. डब्यानं."

ती उशीला टेकून बसली आणि वर्गातली बाई झाली. कधीपासून कधीपर्यंत सोडल्यास? दर ट्रकला? कोणत्या बाजूच्या भिंतीवर? "साधारण तीन वर्षं," मी म्हणालो. "साधारण न्हवं, आठवून सांग." मी आठवून आठवून सांगत होतो आणि मोसंबीचा रस मनगटावरून खाली ओघळत होता. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "आणि मी पोरांना बंद केलं तवा तू कुठं हुतास?"

"तिथंच. मागं उभा होतो."

तिनं भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बायकोच्या हातचं खायची, मी आलो की डोळे मिटायची. तिसऱ्या दिवशी तिनंच हाक मारली. मी माफी मागायला लागलो तर हात वर करून थांबवलं. "ते राहू दे. तू मला खोटं बोललास, ते मी गिळीन की. भाऊच हायेस. पण तुझ्यामुळं मी पोरांना खोटं शिकवलं, ते कसं गिळू? सोळा पोरं हायेत, शिवू. त्यांना वाटत असंल, आपल्या आवाजानं एक जितराब संपलं. त्यांना जाऊन सांग. मला माफी-बिफी नको, ते कर."

त्यानंतरचे महिने चमत्कारिक गोड गेले. राग धरून ठेवायला तिला वेळच नव्हता बहुतेक. मी बल्ब काढला, चळत पार रस्त्याच्या बाजूला हलवली. पावण्या पकडतो म्हणालो, तर ती थकलेलं हसली. "पकडशील आणि कुठं सोडशील? जिथं सोडशील तिथं हेच होणार. अव्वाचं ऐकून दया केलीस, तिची झळ ज्यांना लागली त्यांचं कोणी बघितलंच न्हाय. आता मारायचं बळ ना तुझ्यात, ना माझ्यात. राहू दे. निदान दिवा तरी नको त्यांना." पावण्यांनीच दिवसपाळीवाल्या संपवल्या हेही पक्कं धरू नकोस, असं तिनं बजावलं. कपारी बळकावल्या असतील, पिल्लं खाल्ली असतील, किंवा तिसरंच काही असेल. "पण खरं काय ते बघायच्या आधीच तू माझी ओळ खोडायला लावलीस," ती म्हणाली आणि माझा हात थोपटला. एकदा मी तिला खुर्चीत बसवून विहिरीपाशी नेलं. पायऱ्या उतरणं शक्य नव्हतं. मी खाली उतरलो आणि ती वरून सांगत राहिली. डावीकडं जा, वाक, पायरीच्या पोटात बघ. खूप वेळानं एक दगड हलल्यासारखा वाटला. गोल डोळा. "हाय, अक्का! एक हाय!" मी ओरडलो. वरून ती म्हणाली, "अरं ओरड की अजून. काय होत न्हाय त्यानं." आणि मग ती रडली.

रोज ती विचारायची, सांगितलंस का? मी म्हणायचो, सांगतो. पत्ते शोधतोय, पोरं पांगलीत, कोण पुण्याला, कोण कुठं. त्यात थोडं खरं होतं. सुनंदाचा पत्ता मात्र पहिल्या आठवड्यातच मिळाला होता.

अक्काच्या मातीला सुनंदा आली होती. आमच्याकडे मृताला बसवून माती देतात. अक्काच्या कपाळावर भस्म होतं आणि ती वर्गात पेपर वाटून झाल्यावर बसते तशी बसलेली वाटत होती. सगळे पांगल्यावर सुनंदा माझ्याजवळ आली. "मामा," ती म्हणाली, "बाईंनी आम्हाला सगळं दिलं, आणि आम्ही त्यांच्या पाली घालवल्या." ती माझा हात धरून रडत होती. याहून सोपी वेळ मला मिळणार नव्हती. आणि मी म्हणालो, "असू दे बाळ, असू दे..."

पंधरा दिवसांनी मी पुन्हा गडहिंग्लजला गेलो. या वेळी दुसरं काही काम काढलं नाही. सुनंदाच्या घरी बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं. डबा, ट्रक, खोडलेली ओळ, ओंडक्यांवरची पोरं. ती ऐकत होती. आतून तिचा मुलगा काहीतरी मोठमोठ्यानं पाठ करत होता. माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "मामा, त्या शेवटच्या महिन्यात मी एकदा विहिरीत शिंकले होते. सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. पुढच्याच रविवारी बाईंनी बंद केलं. मला आजपर्यंत वाटत होतं, ते माझ्या शिंकेनं झालं. मी कुणाला सांगितलं नव्हतं." मग ती चिडली. चांगलीच चिडली, आणि मला बरं वाटलं. "पंधरा वर्षं, मामा! मी माझ्या वर्गातल्या पोरांना झाडाजवळ जाऊ देत नाही, हळू बोला म्हणते, चिमण्या उडतील म्हणते... तुम्हाला एक वाक्य जड झालं?" मी म्हणालो, झालं. चहा न देताच तिनं मला उठवलं. दारापर्यंत आली आणि म्हणाली, "बाकीच्या पंधरा जणांचं काय? एकेकाला गाठत बसलात तर तुम्ही परत स्टँडवरच बसाल. लिहा. छापून येईल तिथं लिहा."

म्हणून हे लिहिलं. अक्काबद्दल लिहायचं तर तिच्या शिकवण्याबद्दल, तिच्या कडक इस्त्रीच्या सुती साड्यांबद्दल, भाकरी तव्यावर असतानाच प्रश्न विचारायच्या तिच्या खोडीबद्दल लिहिता आलं असतं. ते लिहिणारे पुष्कळ मिळतील. हे फक्त मलाच लिहिता येत होतं.

त्या रविवारच्या पोरांनो, तुम्ही आता तिशीच्या आसपास असाल. तुमच्यापैकी कोणी हे वाचत असेल, किंवा तुमच्या घरातलं कोणी वाचून तुम्हाला सांगेल, तर ऐका. पाली तुमच्या आवाजानं गेल्या नाहीत. तुमच्या पायांनी नाही, हसण्यानं नाही, कोणाच्या शिंकेनंही नाही. बाईंना चुकीचं सांगणारा मी होतो. पाचव्या पायरीच्या पोटात अजून दोन-तीन दिवसपाळीवाल्या आहेत. मी रविवारी दहाच्या सुमाराला तिथं बसलेला असतो. मला त्या लवकर दिसत नाहीत, तुम्हाला दिसतील. या. पोरांना घेऊन या. आणि पाल दिसली की ओरडा.